वाणी देवाची, विवेक साधकाचा

आज नाताळ. वसईच्या वाड्यांतून, गोव्याच्या गावांतून, मुंबई-पुण्याच्या जुन्या ख्रिस्ती वस्त्यांतून गोठ्याचे देखावे मांडले गेले असतील आणि गव्हाणीतील बालकापुढे दिवे लागले असतील. आपल्या शेजारच्या घरातून फराळाचे ताटही आले असेल. सणाचा हा आनंद बाहेरून पाहणाऱ्याला गव्हाण दिसते, तारा दिसतो, मेंढपाळ दिसतात. परंतु त्या गव्हाणीच्या आधीची जी कथा लूक आणि मत्तय यांच्या शुभवर्तमानांत सांगितली आहे, ती मुळात ऐकण्याची कथा आहे. नासरेथ नावाच्या लहानशा गावी एका कुमारिकेला देवदूताचा शब्द ऐकू आला, आणि तिच्याशी वाङ्‌निश्चय झालेल्या एका सुताराला स्वप्नात आज्ञा झाली. त्या दोघांनी ते ऐकले, म्हणून पुढचा सण.

येथे एक बारकावा ध्यानात घेण्यासारखा आहे. देवदूत समोर उभा राहिला तरी मरिया लगेच मान तुकवीत नाही. ती अस्वस्थ होते, हे अभिवादन कसले असावे याचा मनाशी विचार करते आणि मग हे घडणार कसे, असा सरळ प्रश्न विचारते. उत्तर मिळाल्यावरच ती होकार देते. ख्रिस्ती परंपरेने या प्रश्नाला अश्रद्धा मानले नाही. प्रश्न विचारून दिलेला होकार हाच तेथे श्रद्धेचा आदर्श ठरला. देवाची वाणी ऐकणे ही एक गोष्ट, आणि ती देवाचीच आहे हे ओळखणे ही दुसरी. या दोहोंमध्ये जे अंतर आहे, तोच आजचा आपला विषय.

कीर्तन संपल्यावर बुक्का लावून घेताना श्रोते पुष्कळ वेळा विचारतात, ‘बुवा, देव खरोखर माणसाशी बोलतो का?’ भाविकाच्या मनात याचे उत्तर आधीच ठरलेले असते. खरा प्रश्न त्यापुढचा आहे. देव बोलतो हे मान्य केले, तर आपल्या कानी आलेला शब्द त्याचाच कशावरून? आपल्याच वासनेने, भयाने किंवा अहंकाराने देवाचा आवाज काढला नसेल कशावरून? क्षेत्राच्या गावी आयुष्य काढलेल्या माणसाला हा प्रश्न पोथीतला वाटत नाही. कोणाला दृष्टांत होतो आणि तो भावाच्या वाट्याच्या जमिनीविषयी असतो. कोणाच्या अंगात येते आणि शिक्षा मात्र घरातल्या सुनेला होते. कोणी ‘मला आतून आदेश झाला’ असे म्हणून चालता संसार मोडतो. देवाच्या नावाने आलेल्या शब्दाला उलट प्रश्न विचारायचा नाही, अशी समजूत एकदा रूढ झाली की घरातील सर्वांत दुबळे माणूस त्या समजुतीखाली भरडले जाते. म्हणून या प्रश्नाचा विचार ज्यांनी शतकानुशतके केला, त्या ख्रिस्ती साधकांचे म्हणणे आज सणाच्या दिवशी आपण आदराने ऐकावे.

प्रथम शब्दाचा विचार करू. ख्रिस्ती साधनाग्रंथांत या ओळखण्याला जी संज्ञा आहे, तिचे मूळ ‘दिस्केर्नेरे’ या लॅटिन क्रियापदात आहे. त्यातील ‘केर्नेरे’ म्हणजे चाळणे, वेगळे करणे. आपला ‘विवेक’ शब्द ‘वि’ उपसर्ग आणि ‘विच्’ धातू यांपासून झाला, आणि त्या धातूचा जुना अर्थ धान्य पाखडून कोंडा वेगळा करणे असा आहे. दोन दूरदेशीच्या भाषांनी एकाच कामासाठी एकच घरगुती क्रिया निवडली, हे किती अर्थपूर्ण! सुपात धान्य घेणारी गृहिणी धान्याचा अपमान करीत नसते. उद्या घरच्यांच्या पोटात खडा जाऊ नये, एवढीच तिची काळजी असते. तसेच ‘ऐकणे’ या शब्दाचे. लॅटिनमध्ये आज्ञापालनाचा शब्द ‘ओबोएदिरे’ हा ‘आउदिरे’, म्हणजे ऐकणे, यापासून निघाला. आपल्याकडे ‘शुश्रूषा’ म्हणजे मूळात ऐकण्याची इच्छा; पुढे तिचा अर्थ सेवा असा झाला. ऐकण्याची परिणती करण्यात झाली पाहिजे, हे दोन्ही परंपरांना ठाऊक होते. आणि जे ऐकले ते पुढे करायचेच आहे, म्हणूनच ते आधी पाखडून घेतले पाहिजे.

जुन्या करारात शमुवेल नावाच्या बालकाची कथा आहे. आई हन्ना हिने नवसाने झालेला हा मुलगा शिलो येथील देवस्थानात एली नावाच्या वृद्ध याजकाच्या सेवेस ठेवला होता. एका रात्री त्याला कोणी हाक मारली. एलीनेच बोलावले असे समजून तो त्याच्याकडे धावत गेला. ‘मी बोलावले नाही, जाऊन नीज,’ असे एलीने सांगितले. असे तीनदा झाले. तेव्हा त्या अनुभवी वृद्धाच्या ध्यानात आले की मुलाला देव हाक मारीत आहे, आणि पुन्हा हाक आल्यास काय उत्तर द्यावे हे त्याने शिकविले. देवाची हाक प्रथम ऐकणाऱ्याला ती माणसाची वाटली. ती कोणाची हे दुसऱ्याने सांगावे लागले. कान बालकाचा, पण ओळख वृद्धाची.

परंतु या कथेचे मर्म पुढेच आहे. शमुवेलाला जो संदेश मिळाला तो एलीच्याच घराण्याविरुद्ध होता. एलीच्या मुलांनी याजकपणाचा दुरुपयोग चालविला होता आणि बापाने त्यांना आवरले नव्हते, म्हणून त्या कुळाला दंड होणार होता. सकाळी सांगण्याची वेळ आली तेव्हा पोर भयाने गप्प राहिले. एलीनेच आग्रह धरला की काहीही लपवू नकोस. आणि ऐकल्यावर, आपल्या नाशाची वार्ता असूनही, ती देवाचीच आहे हे त्याने मान्य केले. वाणीची पारख करणारा गुरू कसा असावा, तर असा. शिष्याने ऐकलेला शब्द आपल्या सोयीचा आहे की गैरसोयीचा, हे त्याने पाहू नये. आणि ऐकणाऱ्या बालकालाही त्या शब्दापासून काही लाभ नव्हता. ज्याच्या छायेत तो वाढत होता, त्याच्याच तोंडावर कटू सत्य सांगण्याचे ओझे त्याच्या वाट्यास आले.

आता मुख्य आख्यानाकडे येऊ. स्पेन देशातील बास्क प्रांतात, लोयोला येथील गढीत, इग्नेशियस नावाचा एक सरदारपुत्र १४९१ च्या सुमारास जन्मास आला. तलवार, मानमरातब आणि राजस्त्रियांची मर्जी यांतच त्याचे तारुण्य गेले. १५२१ च्या मे महिन्यात पाम्प्लोना येथील किल्ला लढविताना तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय मोडला. घरी आणल्यावर हाड वाकडे बसले म्हणून ते पुन्हा मोडून बसविले. तरीही एक तुकडा वर राहून शोभेला बाध येतो, एवढ्यासाठी त्याने तो कापवून घेतला. अशा अभिमानी पुरुषाला महिनोन्‌महिने अंथरुणावर पडून राहावे लागले. वेळ घालविण्यास त्याने शौर्याच्या कादंबऱ्या मागितल्या. घरात त्या नव्हत्या. मिळाले एक ख्रिस्तचरित्र आणि एक संतचरित्रांचा ग्रंथ.

पडल्या पडल्या तो दोन प्रकारची स्वप्ने रंगवू लागला. कधी एका थोर कुळातील स्त्रीची सेवा आपण कशी करू, तिच्याशी काय बोलू, यात तीन-चार तास निघून जात. कधी संतांप्रमाणे आपणही अनवाणी यरुशलेमला जावे, कंदमुळे खावी, असे मनात येई. दोन्हींत रंगताना आनंद सारखाच होता. परंतु पहिले चिंतन सरले की मन कोरडे आणि असमाधानी होई. दुसरे सरले तरी प्रसन्नता टिकून राही. पुष्कळ दिवस हा भेद त्याच्या ध्यानात आला नाही. एके दिवशी आला, आणि तेथेच त्याची साधना सुरू झाली. विचार येतो तेव्हा किती गोड लागतो हे पाहू नये. तो जाताना मागे काय ठेवून जातो हे पाहावे. साडेचार शतकांहून अधिक काळ ख्रिस्ती जगाने जो विवेकमार्ग अनुसरला, त्याचे बीज खाटेवर पडलेल्या एका जखमी शिपायाच्या या निरीक्षणात आहे.

मात्र बीज पडले म्हणजे वृक्ष झाला असे नव्हे. त्याने उतारवयात सांगितलेल्या आत्मकथनात पुढचा एक प्रसंग आहे. १५२२ मध्ये खेचरावर बसून मॉन्सेराट या क्षेत्री जाताना वाटेत त्याला एक मूर भेटला. मरियेच्या कौमार्याविषयी त्या दोघांचा वाद झाला आणि मूर पुढे निघून गेला. मागे राहिलेल्या इग्नेशियसला वाटू लागले की मातेचा अवमान आपण सहन केला. जाऊन त्याला खंजीर मारावा. पुष्कळ विचार करूनही निर्णय होईना, तेव्हा त्याने खेचराचा लगाम सैल सोडला. ते मुराच्या गावच्या वाटेला वळले तर मारायचे, राजमार्गाने गेले तर सोडायचे. गावाची वाट रुंद आणि चांगली होती. तरी खेचर राजमार्गाने गेले आणि एक प्राण वाचला. नवी भक्ती, तीव्र निष्ठा, मन मातेच्या प्रेमाने भरलेले, आणि हात खंजिराकडे! भक्ती कितीही खरी असली तरी तिच्यातून उठणारा प्रत्येक आवेग देवाचा नसतो, हे याहून स्पष्ट कोण सांगेल?

पुढे मान्रेसा येथे सुमारे दहा महिने राहून त्याने कठोर तप केले. तेथे त्याला आकाशात सर्पाकृती, अनेक नेत्रांप्रमाणे चमकणारे एक अतिसुंदर रूप दिसे. दिसताना आनंद होई, नाहीसे होताच खिन्नता येई. पुढे एका क्रुसापुढे प्रार्थना करीत असता त्या रूपाची कांती फिकी पडलेली त्याने पाहिली आणि ते देवाचे नव्हे हे ओळखले. निजण्याच्या वेळी मोठमोठी आध्यात्मिक स्फुरणे येऊन झोप नाहीशी होऊ लागली, तेव्हा जे स्फुरण देहाची आवश्यक विश्रांती हिरावते ते चांगल्या ठिकाणाहून आलेले नाही असे ठरवून तो झोपू लागला. बार्सेलोनात तिशी उलटल्यावर तो लॅटिन व्याकरण शिकण्यास बसला, तर रूपे पाठ करताना नेमक्या नव्या नव्या दिव्य कल्पना सुचू लागल्या. ज्या कल्पना प्रार्थनेच्या वेळी येत नाहीत आणि पाठांतराच्याच वेळी येतात, त्या अभ्यास बुडविण्यासाठीच आल्या आहेत, हे त्याने जाणले आणि गुरुजींपुढे जाऊन पाठ न चुकविण्याचे वचन दिले. संस्कृतची धातुरूपे घोकलेल्या कोणालाही हा प्रसंग वाचून हसू येईल. परंतु दिव्य वाटणारी गोष्टही हातातले कर्तव्य सोडावयास लावीत असेल तर तिच्याकडे संशयाने पाहावे, हा नियम हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

या सर्व अनुभवातून ‘आध्यात्मिक साधना’ हा त्याचा छोटासा ग्रंथ सिद्ध झाला आणि १५४८ मध्ये पोप तिसरे पॉल यांनी त्यास मान्यता दिली. त्यातील विवेकाचे नियम थोडके आहेत आणि संसारी माणसाच्याही उपयोगाचे आहेत. जे मुळातच वाईट, त्याविषयी देवाची इच्छा विचारायची नाही. निवड ही चांगल्या गोष्टींतूनच करावयाची असते. मन उदास, अंधारलेले असताना पूर्वी शांत चित्ताने केलेला निश्चय बदलू नये. उलट त्या वेळी प्रार्थना वाढवावी आणि धीर धरावा. जो विचार ‘कोणास सांगू नकोस’ म्हणून बजावतो, तो बहुधा कपटी प्रियकरासारखा असतो; अनुभवी माणसापुढे तो उघड करावा, म्हणजे त्याचे बळ सरते. सन्मार्गाने चालणाऱ्या माणसाच्या अंतःकरणात सद्वृत्ती स्पंजात पाण्याचा थेंब मुरावा तशी हळुवार येते. दुर्वृत्ती दगडावर पाणी आपटावे तशी आवाज करीत येते. विचाराचा आरंभ, मध्य आणि शेवट तिन्ही तपासावे. आरंभ धर्माचा आणि शेवट कलहाचा असेल तर वाटेत कोठेतरी सोबती बदलला आहे. आणि सर्वांत सूक्ष्म नियम असा की एखादा प्रसाद खरोखर देवाकडून आला, तरी त्यानंतरच्या उत्साहात आपण जे बेत रचतो ते आपलेच असू शकतात. मूळ अनुभव आणि मागाहूनचे बेत यांची गल्लत करू नये.

एवढे नियम असताना ख्रिस्ती लोकांच्या हातून कधी चूक झाली नाही काय, असे वाचक विचारतील, आणि महाराष्ट्र-गोव्याच्या वाचकाला तो अधिकार आहे. याच इग्नेशियसचा जिवलग सहकारी फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यास आला. रुग्णालयात त्याने रोग्यांची सेवा केली, हे खरे. आणि १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजास पत्र लिहून त्याने गोव्यात धर्मन्यायसभा मागितली, हेही खरे. ती १५६० मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर, स्थापन झाली आणि मधला अल्प खंड सोडता १८१२ पर्यंत चालली. त्याच काळात देवळे पाडली गेली, आणि कुशस्थळीचा मंगेश रातोरात प्रियोळास न्यावा लागला. हे करणारे सारेच ढोंगी होते असे म्हणता येत नाही. आपण देवाचीच आज्ञा पाळतो, अशी त्यांतील अनेकांची प्रामाणिक समजूत होती. प्रामाणिकपणा म्हणजे विवेक नव्हे, हा धडा यापेक्षा कठोर शब्दांत इतिहासाने क्वचितच दिला असेल. त्याच येशूसंघाचा इंग्रज पाद्री थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यास आला. त्याने आपली भाषा कानांनी ऐकली, जिभेवर घेतली आणि दहा हजारांहून अधिक ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. एकाच संघाचे हे दोन वारसे आहेत. एकाने ऐकविण्यासाठी दंडशक्तीची मदत मागितली, दुसऱ्याने सांगण्यापूर्वी ऐकले.

मग कोंडा आणि दाणा वेगळा करणारे सूप कोणते? वरच्या सर्व कथा शेजारी ठेवल्या म्हणजे एक खूण हाती लागते. आवाज पाळण्याची किंमत कोण मोजतो, हे पाहावे. मरियेच्या होकाराची किंमत तिने आणि योसेफाने लोकापवादाची जोखीम पत्करून मोजली. शमुवेलाच्या वाणीची किंमत त्याच्या भयाने आणि एलीच्या नम्रतेने मोजली. इग्नेशियसच्या खंजिराची किंमत मात्र त्या अनोळखी मुराला मोजावी लागणार होती, आणि धर्मन्यायसभेची किंमत मोजली ती तिच्यापुढे उभ्या केलेल्या दीनांनी. जी वाणी माझ्याकडून काही मागते, ती ऐकण्यास योग्य असण्याचा संभव आहे. जी वाणी माझ्या कानात बोलते आणि देणे दुसऱ्याच्या दारी पाठविते, ती शंभर वेळा पाखडावी.

याच खुणेचे एक निर्मळ उदाहरण अमेरिकेत सापडते. क्वेकर म्हणून ओळखला जाणारा मित्रसमाज सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये निघाला. हे लोक एकत्र बसून मौन धरतात. ज्याला आतून प्रेरणा होईल तो बोलतो आणि इतर ती तोलून पाहतात. त्यांतील जॉन वूलमन (१७२०–१७७२) तरुणपणी न्यू जर्सीत एका दुकानात काम करीत असता मालकाने त्याला एका कृष्णवर्णीय दासीच्या विक्रीचा कागद लिहिण्यास सांगितले. त्याने तो लिहिला, पण मन टोचू लागले, आणि गुलाम बाळगणे ख्रिस्ती धर्माशी विसंगत आहे असे तो मालकासमोर बोलून गेला. पुढच्या वेळी दुसऱ्याने तसाच कागद मागितला तेव्हा त्याने नकार दिला. ती टोचणी हीच देवाची वाणी, असे त्याने मानले. परंतु तिचे शस्त्र करून तो कोणावर धावला नाही. गुलाम बाळगणाऱ्या स्वबांधवांच्या घरी तो जाई, शांतपणे बोले, आणि तेथे मुक्काम झाला तर सेवा करणाऱ्या गुलामांच्या श्रमाचे पैसे स्वतः देऊन निघे. १७५८ मध्ये फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने अशा घरांना भेटी देण्यासाठी मंडळी नेमली, त्यांत तो होता. १७७६ मध्ये त्याच सभेने आपल्या सभासदांना गुलाम बाळगण्यास मनाई केली. तोपर्यंत वूलमन जगात नव्हता. एका माणसाच्या मनातील टोचणी सर्व समाजाने पाखडून घेण्यास तीसहून अधिक वर्षे लागली. देवाच्या वाणीला घाई नसते. घाई असते ती आपल्याला.

वाचकहो, सण शेजाऱ्याचा असला तरी त्यातील सार घेण्यास कोणाचा प्रत्यवाय नाही. आपल्या घरी उद्या कोणाला दृष्टांत होईल, कोणी आदेश सांगेल, कदाचित आपल्याच मनात एखादी प्रबळ प्रेरणा उठेल. तिचा उपहास करू नये आणि तिच्यामागे आंधळेपणाने धावूही नये. दोन दिवस तिला राहू द्यावे. ती गेल्यावर मनात शांती उरते की कोरडेपणा, हे पाहावे. घरातील एखाद्या जाणत्या, निरिच्छ माणसापुढे ती मोकळेपणाने मांडावी, आणि ती पाळली तर कोणाच्या ताटातील घास कमी होणार आहे, हे शेवटी स्वतःस विचारावे. तो घास आपल्या ताटातला असेल तर नम्रपणे पुढे पाऊल टाकावे. सुनेच्या, धाकट्या भावाच्या, गड्यामाणसाच्या किंवा परधर्मीयाच्या ताटातला असेल तर सूप पुन्हा हाती घ्यावे. नासरेथच्या त्या मुलीने देवदूतालाही प्रश्न विचारला होता आणि देवदूत रागावला नव्हता. आपल्या प्रश्नांनी देव रुष्ट होईल, हे भय आज तरी मनातून काढून टाकावे.